हात आणि ग्रंथ : टोकियोच्या इंजिनियरिंग कॉलेजाची कथा

इंजिनियर कसा घडवावा, हा प्रश्न वरवर पाहतां सोपा वाटतो. ज्यास पूल बांधावयाचा आहे त्यास पुलाचें शास्त्र शिकवावें, ज्यास यंत्र चालवावयाचें आहे त्यास यंत्राचें शास्त्र शिकवावें, म्हणजे झालें, असें कोणीहि म्हणेल. परंतु या विद्येचीं मुळें दोन ठिकाणीं रुजलेलीं आहेत. एक मूळ गणितांत व पदार्थविज्ञानांत आहे. दुसरें सुताराच्या, गवंड्याच्या आणि लोहाराच्या हातांत आहे. पहिलें मूळ तुटलें तर इंजिनियर नुसता कारागीर राहतो, आणि नवा प्रसंग येतांच अडतो. दुसरें तुटलें तर तो नुसता पंडित राहतो, आणि त्याचा पूल कागदावरच उभा असतो. हीं दोन्ही मुळें एकाच विद्यार्थ्याच्या ठायीं कशीं जगवावीं, हाच इंजिनियरिंगच्या शिक्षणांतील खरा पेंच होय. एकोणिसाव्या शतकांत युरोपांतील मोठमोठ्या राष्ट्रांनीं तो सोडविण्याचा प्रयत्न केला. पण त्याचें एक अत्यंत विचारपूर्वक दिलेलें उत्तर युरोपांत नव्हे, तर आशियाच्या पूर्व टोंकास, टोकियो शहरीं मिळालें. आणि तें उत्तर देणारा मुख्याध्यापक पंचविशीच्या आंतला होता.

त्या उत्तराचें मोल कळण्यासाठीं तत्पूर्वीच्या दोन परंपरा पाहिल्या पाहिजेत. फ्रान्समध्यें रस्ते व पूल यांची शाळा १७४७ सालींच निघाली होती. राज्यक्रांतीच्या धामधुमींत, १७९४ सालीं, पॅरिस येथें एकोल पोलिटेक्निक स्थापन झाली. तिची पद्धति अशी कीं, विद्यार्थ्यानें प्रथम गणित, यंत्रशास्त्र, रसायन आणि माँज यांनीं विकसित केलेली वर्णनात्मक भूमिति यांचा कसून अभ्यास करावा, आणि नंतर पूल, खाणी, तोफखाना इत्यादिकांच्या विशेष शाळांत जावें. आधीं शास्त्र, मग त्याचा उपयोग, असा हा क्रम होता. या पद्धतीनें फ्रान्सला थोर गणिती व थोर इंजिनियर दिले. पण प्रत्यक्ष कामाच्या धुळीशीं विद्यार्थ्याची गांठ फार उशिरां पडे.

इंग्लंडमधील रीति याच्या अगदीं उलट होती. तेथें इंजिनियर शाळेंत तयार होत नसे, तर उमेदवारी करून होत असे. बापानें एखाद्या नांवाजलेल्या इंजिनियराला भरभक्कम रक्कम द्यावी, आणि मुलानें त्याच्या कचेरींत व कामावर कांहीं वर्षें राहून, पाहून, नकाशे उतरून, विद्या उचलावी. ज्या देशानें जगांतील पहिल्या आगगाड्या चालविल्या त्या देशाला या रीतीचा अभिमान वाटणें साहजिक होतें. परंतु गुरु चांगला भेटला तर शिष्याचें भाग्य. नाहींतर नकाशे उतरण्यांतच त्याचीं वर्षें संपत. पॅरिस येथील १८६७ सालच्या प्रदर्शनांत ब्रिटिश मालाची इतरांशीं तुलना झाली, तेव्हां लायन प्लेफेअर यांच्यासारख्या जाणत्या पुरुषांनीं उघडपणें बोलून दाखविलें कीं, फ्रान्स, प्रशिया, स्वित्झर्लंड हे देश धंद्याच्या शास्त्रीय शिक्षणामुळें पुढें जात आहेत आणि इंग्लंड मागें पडत आहे.

या दोन टोंकांच्या मध्यें स्कॉटलंडमधील ग्लासगो शहर होतें. तेथील विश्वविद्यालयांत इंजिनियरिंगचें अध्यापकपद १८४० सालीं निर्माण झालें, आणि १८५५ पासून त्या पदावर विल्यम रँकिन हे होते. शास्त्र आणि व्यवहार यांत विरोध नसून मेळ आहे, हा त्यांच्या शिकवणीचा गाभा होता. विश्वविद्यालयाचें सत्र हिवाळ्यांतील सहा महिन्यांचें असे. उरलेल्या काळांत विद्यार्थी क्लाइड नदीकांठच्या गोद्यांत व कारखान्यांत काम करूं शकत. वर्ग आणि कारखाना यांची ही पाळी कोणी मुद्दाम आंखलेली नव्हती, ती त्या शहराच्या परिस्थितींतूनच उत्पन्न झाली होती. ग्लासगोजवळ १८४८ सालीं जन्मलेले हेन्री डायर हे याच वातावरणांत वाढले. दिवसा ओतकामाच्या कारखान्यांत उमेदवारी आणि रात्रीं अँडरसन्स कॉलेजांतील वर्ग, असा त्यांचा क्रम होता. मागाहून ते रँकिन यांचे विद्यार्थी झाले. त्याच रात्रीच्या वर्गांत एक जपानी तरुणहि येत असे. तो दिवसा नेपियर यांच्या जहाजांच्या गोदींत काम करी. त्याचें नांव यामाओ योझो.

यामाओ तेथें कसे पोंचले, ही जपानच्या त्या वेळच्या संकटाचीच कथा आहे. अमेरिकन आरमार १८५३ सालीं जपानच्या किनाऱ्यावर आलें, आणि थोड्याच वर्षांत परकीयांशीं असमान तह करणें त्या देशास भाग पडलें. परदेशीं जाण्यास तेव्हां बंदी होती. सांपडल्यास देहांत शासनाचें भय होतें. तरीहि चोशू प्रांतांतील पांच तरुण १८६३ सालीं लपून इंग्लंडला गेले. त्यांपैकीं यामाओ एक, आणि पुढें जपानचे पहिले पंतप्रधान झालेले इतो हिरोबुमि हे दुसरे. ज्यांना हांकून लावावयाचें त्यांच्या तोफा व जहाजें पाहून, आधीं त्यांची विद्या घेतली पाहिजे, हें त्यांच्या ध्यानांत आलें.

सन १८६८ मध्यें जपानांत राज्यपालट झाला आणि मेजी राजवट सुरू झाली. सार्वजनिक बांधकामाचें मंत्रिखातें १८७० सालीं निघालें. आगगाडी, तारायंत्र, दीपगृहें, खाणी, गोद्या हीं सर्व कामें त्या खात्याकडे आलीं. टोकियो व योकोहामा यांमधील आगगाडी १८७२ सालीं सुरू झाली. पण तिची आंखणी करणारे इंजिनियर परके, इंजिन चालविणारे परके आणि इंजिनहि परकें. परदेशी तज्ज्ञांना मोठाले पगार द्यावे लागत, आणि ते गेले कीं काम थांबण्याची भीति असे. आगगाडीचे मुख्य इंजिनियर एडमंड मोरेल हे स्वतः इंग्रज. पण आपल्याच लोकांना ही विद्या शिकवा, असा सल्ला त्यांनीं जपानी सरकारास आरंभींच दिला होता. यामाओ यांचेंहि तेंच मत होतें. इंजिनियरिंगच्या शाळेचा ठराव १८७१ सालीं झाला, तो या गरजेंतून. परक्यांनीं बांधून दिलेल्या आगगाडीनें देश श्रीमंत होईलहि, परंतु स्वतंत्र होईलच असें नाहीं, हें या मंडळींनीं ओळखलें होतें.

शिक्षक कोठून आणावयाचे, हा पुढचा प्रश्न. इतो हे १८७२ सालीं इवाकुरा यांच्या शिष्टमंडळाबरोबर इंग्लंडांत होते. तेथील जुन्या ओळखीच्या एका व्यापाऱ्यामार्फत हा प्रश्न रँकिन यांच्याकडे गेला, आणि त्यांनीं डायर यांचें नांव सुचविलें. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत रँकिन वारले. डायर १८७३ सालीं निवडक सहकाऱ्यांसह जपानला निघाले. युरोप खंडांतील, विशेषतः झुरिच येथील पॉलिटेक्निक शाळेची रचना त्यांनीं अभ्यासली होती, आणि ग्लासगोंतील कारखाना तर त्यांच्या अंगांतच मुरला होता. जहाजावरील प्रवासांतच त्यांनीं कॉलेजाचा संपूर्ण अभ्यासक्रम लिहून काढला. टोकियोस पोंचल्यावर यामाओ यांनीं तो जवळजवळ जशाचा तसा मान्य केला. जुनें घर पाडून नवें बांधण्यापेक्षां मोकळ्या जागेंत बांधणें सोपें असतें. डायर यांना ती मोकळी जागा जपानांत मिळाली.

अभ्यासक्रम सहा वर्षांचा होता, आणि त्याचे दोन दोन वर्षांचे तीन टप्पे होते. पहिलीं दोन वर्षें इंग्रजी भाषा, गणित, पदार्थविज्ञान, रसायन आणि रेखांकन या पायाभूत विषयांकडे दिलेलीं होतीं. दुसऱ्या टप्प्यांत विद्यार्थी आपली शाखा निवडी : स्थापत्य, यंत्र, तारायंत्र, वास्तुशिल्प, रसायन किंवा खाणी व धातु. या दोन वर्षांत प्रत्येक वर्षाचे सहा महिने कॉलेजांत आणि सहा महिने कामावर जात. शेवटचीं दोन वर्षें तर सर्वस्वी प्रत्यक्ष कामावर घालवावयाचीं असत. तेथून परत आल्यावर विद्यार्थ्यानें एका खऱ्या कामाविषयीं प्रबंध लिहावयाचा व अखेरची परीक्षा द्यावयाची. सरकारी विद्यार्थ्यांचा राहण्या-जेवण्याचा खर्च सरकार करी. उलट शिक्षण पुरें झाल्यावर सात वर्षें सरकारी नोकरी करण्याचें बंधन त्यांच्यावर असे.

या योजनेचें मर्म असें कीं, विद्यार्थी कामावरून वर्गांत येई तो प्रश्न घेऊन येई, आणि वर्गांतून कामावर जाई तो शास्त्र घेऊन जाई. तुळई कां वांकली हें ज्यानें डोळ्यांनीं पाहिलें आहे, त्याला वांकण्याचें गणित शिकविणें निराळें. आणि ज्यानें तुळई केवळ फळ्यावर पाहिली आहे, त्याला शिकविणें निराळें. ही ये-जा शक्य होण्याचें एक मोठें कारण व्यवस्थेंत होतें. कॉलेज शिक्षणखात्याच्या हातीं नव्हतें, तर सार्वजनिक बांधकामाच्या मंत्रिखात्याच्या हातीं होतें. आणि आगगाडी, खाणी, गोद्या, दीपगृहें हीं सर्व त्याच खात्याचीं होतीं. टोकियोंतील आकाबाने येथील यंत्रशाळाहि कॉलेजाच्या विद्यार्थ्यांना खुली होती. अशा रीतीनें कारखान्याचा धनी आणि शाळेचा चालक एकच असल्यामुळें विद्यार्थी कामावर पाठविण्यास कोणाच्या विनवण्या कराव्या लागत नव्हत्या.

अध्यापकमंडळहि मोठें उत्साही होतें. तारायंत्र व पदार्थविज्ञान शिकविणारे विल्यम एअर्टन हे केवळ व्याख्यान देऊन थांबत नसत. त्यांनीं विजेची प्रयोगशाळा उभारली आणि विद्यार्थ्यांच्या हातीं उपकरणें दिलीं. नियम आधीं सांगून मग प्रयोगानें त्याची साक्ष पटविण्यापेक्षां विद्यार्थ्यानें स्वतः मोजावें, मांडावें आणि नियमापर्यंत पोंचावें, हा त्यांचा कटाक्ष होता. मार्च १८७८ मध्यें टोकियोच्या मध्यवर्ती तारऑफिसाच्या समारंभांत विजेचा कमानी दिवा पेटविण्यांत आला, तो एअर्टन यांच्या देखरेखीखालीं. पुढें जपानांत विजेच्या दिव्यांचा धंदा उभारणारे फुजिओका इचिसुके हे याच कॉलेजाचे विद्यार्थी. १८७५ सालीं जॉन पेरी आले. ते एअर्टन यांचे संशोधनांतील जोडीदार झाले. खाणींचे अध्यापक जॉन मिल्न यांनीं जपानांतील भूकंप मोजण्याचें शास्त्र उभें करण्यांत मोठा वांटा उचलला. वास्तुशिल्पाचे अध्यापक जोसाया काँडर यांनीं जपानी शिल्पकारांची पहिली पिढी तयार केली.

मार्ग मात्र सरळ नव्हता. विद्यार्थ्यांपैकीं बहुतेक सामुराई कुळांतील होते. या वर्गाचें राज्य गेलें होतें, तनखे जात चालले होते. पण तरवार व लेखणी यांवांचून अन्य हत्यार हातीं धरणें हें त्यांच्या पूर्वजांना ठाऊक नव्हतें. जुनी विद्या म्हणजे चिनी ग्रंथांचें पठण. अशा घरांतील मुलाला कानस हातीं घेऊन लोखंडाचा तुकडा घासावयास लावणें ही सामान्य गोष्ट नव्हती. पुस्तकी अभ्यासांत हीं मुलें चटकन् पुढें जात, हातकामांत मात्र मागें रेंगाळत. म्हणूनच हातकामाला वगळून परीक्षा उत्तीर्ण होतां येणार नाहीं अशी रचना डायर यांनीं केली होती. जेथें काम केल्यावांचून पदवी मिळत नाहीं, तेथें कामाची लाज हळूहळू आपोआप जाते.

दुसरी अडचण भाषेची. व्याख्यानें, टिपणें, उत्तरपत्रिका, प्रबंध सारें इंग्रजींत असे. सोळा-सतरा वर्षांच्या मुलानें नवें शास्त्र आणि परकी भाषा हीं दोन्ही ओझीं एकदम उचलावयाचीं, हा भार थोडा नव्हता. पण जपानी सरकारनें ही स्थिति कायमची मानली नव्हती. परके अध्यापक हे शिडीप्रमाणें होते. वर चढून गेल्यावर शिडी काढून घ्यावयाची, हें पहिल्यापासून ठरलेलें होतें. कॉलेजांतून १८७९ सालीं पहिली तुकडी बाहेर पडली. तींत २३ जण होते. त्यांपैकीं ११ जणांना अधिक अभ्यासासाठीं ब्रिटनला पाठविण्यांत आलें, आणि परत आल्यावर त्यांतील कित्येकांना अध्यापकांच्या जागा दिल्या. तात्सुनो किंगो हे त्यांपैकींच. १८८४ सालीं ते आपले गुरु काँडर यांच्या जागीं अध्यापक झाले, आणि १९१४ सालीं पुरें झालेलें टोकियोचें मध्यवर्ती स्टेशन त्यांच्याच योजनेनें बांधलेलें आहे. ताकामिने जोकिचि हे रसायनशास्त्रज्ञ म्हणून जगप्रसिद्ध झाले. पहिल्या तुकडीच्या २३ जणांनीं त्याच वर्षीं आपली इंजिनियरिंग संस्थाहि स्थापन केली. तीमुळें पुढें जपानी भाषेंतून या विद्येची चर्चा होऊं लागली.

शिक्षणपद्धतीची परीक्षा तिच्या विद्यार्थ्यांच्या कामावरून करावयाची असते. या कॉलेजाची ती परीक्षा क्योटो शहरीं झाली. हजार वर्षांहून अधिक काळ राजधानी असलेलें हें शहर १८६९ सालीं राजधानी टोकियोस गेल्यामुळें ओस पडूं लागलें होतें. १८८१ सालीं कितागाकि कुनिमिचि तेथें प्रांताधिकारी म्हणून आले. शहराच्या पूर्वेस डोंगरापलीकडे बिवा नांवाचें विशाल सरोवर आहे. त्याचें पाणी डोंगर फोडून क्योटोंत आणावें, त्यावर होड्या चालवाव्या, शेतें भिजवावीं, पाणचक्क्या फिरवाव्या, असा त्यांचा विचार होता. त्याच सुमारास कॉलेजांतील एक विद्यार्थी शेवटच्या दोन वर्षांच्या प्रत्यक्ष कामासाठीं या भागांत हिंडून पाहणी करीत होता. त्याचें नांव तानाबे साकुरो. पाहणी चालू असतां त्याच्या उजव्या हातास इजा झाली. तेव्हां त्यानें डाव्या हातानें नकाशे काढून व लिहून आपला प्रबंध पुरा केला. विषय होता, बिवा सरोवराचा कालवा.

१८८३ सालीं तानाबे पदवीधर झाले, आणि कितागाकि यांनीं या कामावर त्यांची नेमणूक केली. तेव्हां त्यांचें वय अवघें एकवीस वर्षांचें होतें. या योजनेविषयीं परकी तज्ज्ञाकडून शंकाहि व्यक्त झाली होती. तोंपर्यंत जपानांतील मोठीं कामें परक्या इंजिनियरांच्या देखरेखीखालीं होत असत. हें मात्र जपानी लोकांनींच करावयाचें ठरलें. काम १८८५ सालीं सुरू झालें. पहिला बोगदाच २,४३६ मीटर लांबीचा होता. त्या काळीं जपानांत त्याहून लांब बोगदा नव्हता. दोन्ही तोंडांकडून खोदीत गेल्यास फार वेळ लागेल म्हणून डोंगराच्या माथ्यावरून एक उभी विहीर खणून तळाशीं दोन्ही बाजूंस खोदाई सुरू करण्यांत आली. त्या विहिरींत पाणी फुटून काम अनेकदां अडलें. विटा मिळेनात, म्हणून त्या भाजण्याचा कारखानाच घालावा लागला. जाणते मुकादम मिळेनात, म्हणून रात्रीं माणसांना शिकवावयाचें आणि दिवसा तेंच त्यांच्याकडून करून घ्यावयाचें, असा क्रम ठेवण्यांत आला. कॉलेजांत जें विद्यार्थ्यानें अनुभविलें, तेंच त्यानें बोगद्याच्या तोंडाशीं आपल्या माणसांकरितां पुन्हां उभें केलें. ही पद्धति त्याच्या अंगीं किती भिनली होती, याचें याहून चांगलें प्रमाण कोणतें ?

काम चालू असतांच, १८८८ सालीं, तानाबे अमेरिकेस गेले आणि कोलोरॅडोंतील अ‍ॅस्पेन येथें पाण्याच्या बळावर वीज उत्पन्न होते हें त्यांनीं पाहिलें. परत येतांच पाणचक्क्यांचा बेत मागें घेऊन त्यांनीं वीजघराची योजना सुचविली. ठरलेला नकाशा बदलण्यास धैर्य लागतें. पण नवें शास्त्र समजण्यास लागणारी बुद्धि आणि तें कामांत उतरविण्यास लागणारा हात हीं दोन्ही जवळ असल्याशिवाय तें धैर्य येत नाहीं. १८९० सालीं कालवा खुला झाला. १८९१ सालीं केआगे येथील वीजघर चालू झालें, आणि १८९५ सालीं त्याच विजेवर क्योटोंत ट्रामगाडी धांवूं लागली. जपानांतील विजेची ती पहिली ट्राम. लंडनच्या स्थापत्य इंजिनियरांच्या संस्थेनें १८९४ सालीं तानाबे यांना टेलफर्ड पदक दिलें. या कामांत प्राणांस मुकलेल्या माणसांचें स्मारक तानाबे यांनीं १९०२ सालीं स्वतःच्या खर्चानें उभारलें, हेंहि सांगितलें पाहिजे. हातांचें मोल त्यांना कळत होतें.

या प्रयोगाचा उलटा परिणाम ब्रिटनवरहि झाला, ही गोष्ट मोठी मौजेची आहे. एअर्टन व पेरी परत गेल्यावर लंडनमधील फिन्सबरी येथील तांत्रिक कॉलेजांत त्यांनीं टोकियोचीच प्रयोगशाळा-पद्धति चालविली. गणित हें कोरड्या सिद्धांतांपेक्षां मोजमापांतून व आलेखाच्या चौकटीदार कागदावरून शिकवावें, अशी चळवळ पेरी यांनीं केली. १९०१ सालीं ग्लासगो येथील शास्त्रज्ञांच्या परिषदेंत त्यांनीं हा विषय मांडला तेव्हां गणित-शिक्षकांत मोठा वाद माजला. शाळांत आलेखाच्या कागदाचा प्रसार होण्यास ती चळवळ पुष्कळच कारण झाली. स्वतः डायर १८८२ सालीं जपान सोडून गेले. ग्लासगो विश्वविद्यालयांत अध्यापकपद मिळविण्याचा त्यांचा प्रयत्न सफल झाला नाहीं. तरी १९१८ सालीं मृत्यु येईपर्यंत ते त्या शहराच्या तांत्रिक शिक्षणासाठीं झटत राहिले. ग्लासगो विश्वविद्यालयानें १९०१ सालीं प्रवेशपरीक्षेसाठीं जपानी भाषा मान्य केली, तींतहि त्यांचा हात होता. आणि स्कॉटलंडमधील फोर्थच्या पुलाचें तत्त्व समजावून देणारें जें प्रसिद्ध छायाचित्र आहे, त्यांत दोन माणसांच्या पसरलेल्या हातांच्या आधारावर मधोमध बसलेला तरुण म्हणजे टोकियोच्या याच कॉलेजाचा पदवीधर वातानाबे काइचि.

याच शतकांत हिंदुस्थानांतहि इंजिनियरिंगचें शिक्षण सुरू झालें होतें. किंबहुना जपानच्या पुष्कळ आधीं. मुंबईस १८२३ सालीं कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांच्या देखरेखीखालीं निघालेल्या इंजिनियर इन्स्टिट्यूशनमध्यें देशी भाषांतून शिकवीत, आणि तिच्यासाठीं गणिताचीं पुस्तकें मराठींत तयार करण्यांत आलीं होतीं. रुरकी येथील कॉलेज १८४७ सालचें. पुण्याचा इंजिनियरिंगचा वर्ग १८५४ सालचा. मग क्योटोसारखी परीक्षा देण्याची संधि येथें एकवीस वर्षांच्या मुलास कां मिळाली नाहीं ? उत्तर बुद्धींत नाहीं, हेतूंत आहे. पुण्याचा वर्ग निघाला तो सरकारी बांधकामखात्यास दुय्यम नोकर हवे होते म्हणून. वरिष्ठ जागांसाठीं लंडनजवळ कूपर्स हिल येथें १८७१ सालीं निराळें कॉलेज काढण्यांत आलें आणि तें १९०६ पर्यंत चाललें. तेथून येणारे तरुण बहुतांशीं इंग्रजच असत. पुण्याहून १८८३ सालीं परीक्षेंत पहिले आलेले विश्वेश्वरय्या पुढें केवढ्या योग्यतेचे निघाले हें सर्वश्रुत आहे. १८९८ सालीं ते जपानला जाऊन आले. तेथील शिक्षण व उद्योग यांची सांगड त्यांनीं पाहिली, आणि पुढें आयुष्यभर देशी उद्योगांचा व तांत्रिक शिक्षणाचा आग्रह धरला.

टोकियोच्या कॉलेजाचे दोषहि झांकून ठेवण्याचें कारण नाहीं. तें अतिशय खर्चाचें होतें. त्यांतून दोनशेंच्या वर पदवीधर निघाले, म्हणजे देशाच्या मानानें मूठभरच. मुकादम व कारागीर यांच्या शिक्षणाची सोय त्यांत नव्हती. ती १८८१ सालीं टोकियोंतच निघालेल्या दुसऱ्या शाळेनें केली. बांधकामाचें मंत्रिखातें १८८५ सालीं मोडलें, आणि १८८६ सालीं हें कॉलेज नव्या शाही विश्वविद्यालयांत विलीन झालें. विश्वविद्यालयांत इंजिनियरिंगला इतर शास्त्रांच्या बरोबरीचें स्थान मिळालें, ही मोठीच गोष्ट झाली. पण कारखान्याचा धनी व शाळेचा चालक एकच असण्याचा योग संपला, आणि कामावरच्या दीर्घ वास्तव्याची ती जुनी घडी तशीच राहिली नाहीं. जगांत सर्वत्र असेंच घडत आलें आहे. विद्येची प्रतिष्ठा वाढली कीं ती हळूहळू ग्रंथाकडे झुकते, आणि मग कोणास तरी तिला पुन्हां हाताकडे ओढून आणावें लागतें.

स्वतंत्र भारतांत १९५१ सालीं खरगपूरची आणि १९५८ सालीं मुंबईची इंजिनियरिंगची उच्च संस्था सुरू झाली, आणि आतां तर गांवोगांवीं कॉलेजें झालीं आहेत. मराठीसह कांहीं भारतीय भाषांतून इंजिनियरिंग शिकविण्यास २०२१ सालीं अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेनें संमति दिली, तेव्हां जर्व्हिस यांच्या काळचा एक धागा दोनशें वर्षांनीं पुन्हां हातीं आला. प्रकल्प करीत शिकणें, कारखान्यांत कांहीं महिने घालविणें, प्रयोगांतून नियमाकडे जाणें, यांस आज नव्या पद्धति म्हणून नांवाजतात. त्या नव्या नाहींत. जहाजावर बसून चोवीस वर्षांच्या एका तरुणानें त्या लिहून काढल्या होत्या, आणि शतकाच्या सरत्या काळांत त्यांची कसोटी लागून गेली होती.

त्या कसोटीचा निष्कर्ष थोडक्यांत सांगतां येतो. परदेशी अध्यापक विकत घेतां येतात, यंत्रें विकत घेतां येतात, अभ्यासक्रमहि उतरून घेतां येतो. पण विद्यार्थ्याच्या हातीं खरें काम सोंपविण्याचा विश्वास विकत मिळत नाहीं. टोकियोच्या कॉलेजानें आपल्या मुलांना सहा वर्षें हात आणि ग्रंथ यांमध्यें येरझारा घालावयास लाविल्या, आणि क्योटोच्या अधिकाऱ्यानें त्यांतल्या एका मुलाच्या हातीं अख्खा डोंगर दिला. शिक्षण आणि विश्वास हीं दोन्ही एकत्र आलीं म्हणून तो डोंगर फुटला. बिवा सरोवराचें पाणी त्या बोगद्यांतून क्योटोस आजहि वाहत आहे.